व्हे, क्रिएटिन, बीसीएए, एचएमबी: तेरा आठवड्यांत नक्की किती स्नायू पदरात पडतो?

सप्लिमेंटच्या दुकानात काउंटरमागचा दादा चार डबे ओळीने मांडतो: व्हे (दुधातून काढलेलं प्रथिन), क्रिएटिन (स्नायूंत साठणारा एक पदार्थ), बीसीएए (ल्युसिनसह तीन अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांचे घटक) आणि एचएमबी (ल्युसिनपासून बनणारा पदार्थ). चारही 'संशोधनाने सिद्ध' असतात. तो खोटं बोलत नसतो. चौघांच्याही मागे पी-मूल्य ०.०५ च्या खाली गेलेला एखादा तरी शोधनिबंध आहे. तरीही आमचा निकाल असा: क्रिएटिन बिनधास्त घ्या, व्हे ताटाचा हिशोब करून घ्या, बीसीएए आणि एचएमबी जिथले तिथे ठेवा. गंमत अशी की जे बिनधास्त घ्या म्हणतोय, त्याचा स्नायू जाड होण्याचा पुरावा संख्याशास्त्राच्या कसोटीवर काठावर नापास होतो. आणि जे परत ठेवा म्हणतोय, त्यातल्या एकाचा आकडा सगळ्यांत दणदणीत आहे.

पी-मूल्य ०.०५ च्या खाली याचा अर्थ एवढाच: दोन गटांत खरोखर काहीच फरक नसता, तर इतका किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता विसात एकाहून कमी. फरक केवढा, आणि त्यासाठी पैसे मोजावेत का, हे त्यात कुठेच नाही. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २०१६ च्या निवेदनात हे स्वच्छ शब्दांत मांडलंय, पण डब्यांची लेबलं छापणाऱ्यांपर्यंत ते अजून पोचायचंय. म्हणून इथे प्रत्येक डब्याला तेच प्रश्न विचारलेत: फरक किती किलोचा किंवा किती मिलिमीटरचा, त्या आकड्याभोवतीचं अंतर कुठून कुठपर्यंत, तो मोजणाऱ्या यंत्राच्या चुकीपेक्षा मोठा आहे का, आणि पडतो कितीला.

व्हे प्रोटीनपासून सुरुवात करू, कारण त्याचा पुरावा सगळ्यांत भरभक्कम आहे. २०१८ साली ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये ४९ चाचण्या आणि १,८६३ माणसांचं एकत्रित विश्लेषण आलं. वजनं उचलणाऱ्यांना वरून प्रोटीन दिलं तर चरबी सोडून उरणारं वजन, म्हणजे ज्याला जिममध्ये 'लीन मास' म्हणतात, ते सरासरी ०.३० किलोने जास्त वाढलं. ९५ टक्के विश्वास अंतराल, म्हणजे खरा फरक जिथे असणं आकड्यांशी जुळतं तो टप्पा, ०.०९ ते ०.५२. अंतरालात शून्य येत नाही, म्हणजे फरक संख्याशास्त्रीय दृष्ट्या लक्षणीय. इथपर्यंत कोणाचं काही म्हणणं असायचं कारण नाही.

आता हाच निकाल दोन तऱ्हांनी सांगता येतो. नुसत्या व्यायामाने लीन मास साधारण १.१ किलोने वाढलं होतं, त्यावर ०.३ म्हणजे 'स्नायूवाढ २७ टक्क्यांनी जास्त'. किंवा: सरासरी तेरा आठवड्यांनी, अख्ख्या अंगावर मिळून, ३०० ग्रॅम. डब्यावर २७ टक्के लिहायला जागा असते, ३०० ग्रॅम लिहायला नसते. ताकदीचंही तसंच. एका वेळी जास्तीत जास्त उचलता येणारं वजन व्यायामाने सुमारे २७ किलोने वाढलं आणि प्रोटीनने त्यात २.४९ किलोची भर पडली. म्हणजे वाढलेल्या ताकदीतले दहापैकी नऊ हिस्से बारबेलचे.

पैशांत मांडू. रोज ३० ग्रॅमचा एक स्कूप, तेरा आठवडे, म्हणजे ९१ स्कूप, २ किलो ७३० ग्रॅम पावडर. ब्रँडनुसार किलोला अडीच-तीन हजार धरले तर सात-आठ हजार रुपये. पावणेतीन किलो पावडर पोटात गेल्यावर ३०० ग्रॅम लीन मास, आणि त्यातही बहुतेक भाग पाणी.

पण इथेच 'मग व्हे फालतू' म्हणून उठून जाणं हीदेखील तितकीच मोठी चूक. त्या चाचण्यांतली माणसं सुरुवातीलाच शरीराच्या दर किलोमागे रोज सरासरी १.४ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं खात होती. भरल्या पोटी वाढलेल्या जेवणाचा हा परिणाम आहे. त्याच विश्लेषणात दिसतं की एकूण प्रथिनं किलोमागे १.६२ ग्रॅमच्या पुढे गेली की लीन मासमध्ये आणखी भर पडत नाही. या १.६२ भोवतीचं अंतर १.०३ ते २.२० एवढं ऐसपैस आहे. ट्रेनर मंडळी २.२ हा आकडा ब्रह्मवाक्यासारखा सांगतात, तो या अंतराचं वरचं टोक आहे. ७० किलोच्या माणसासाठी १.६ म्हणजे ११२ ग्रॅम, २.२ म्हणजे १५४. मधल्या ४२ ग्रॅमसाठी रोज पावणेदोन स्कूप लागतात आणि त्यांच्या बदल्यात काही मिळेलच याची हमी नाही.

आपल्याकडचं साधं शाकाहारी ताट घ्या. दिवसभरात चार पोळ्या, दोनदा वाटीभर वरण, दोन वाट्या भात, वाटीभर मटकीची उसळ आणि दूध-दही मिळून अर्धा लिटर. बेरीज पन्नास-पंचावन्न ग्रॅमला थांबते. भारतीय शिफारस किलोमागे ०.८३ ग्रॅमची आहे, म्हणजे ७० किलोला ५८. तीच गाठताना धाप लागते. अशा माणसाला विश्लेषणातला ०.३० किलोचा आकडा तसाच लागू करता येत नाही, कारण त्याच्याकडे भरून काढायची तूट मोठी आहे. त्याला फायदा जास्त होण्याची शक्यता आहे. मात्र तो फायदा प्रथिनांचा, व्हेचा नव्हे. चार अंडी २४ ग्रॅम, पन्नास ग्रॅम कोरडे सोया चंक्स २६, मूठ-दीड मूठ फुटाणे १०: झाले ११०-११५. अंड्यांचे तीसेक रुपये, सोयाचे दहा-पंधरा. २४ ग्रॅम प्रथिनांचा व्हेचा स्कूप पंचाहत्तर ते नव्वदला पडतो. अंडी चालत नाहीत, सोयाने पोट फुगतं, दुपारचा डबा ऑफिसात खावा लागतो, अशांनी एक स्कूप घ्यावा. तो सोयीचा खर्च आहे, असं समजून घ्यावा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनात शरीर कमावण्यासाठी प्रोटीन सप्लिमेंट टाळा असंच म्हटलंय. आम्हाला तो सल्ला सरसकट वाटतो, पण ताटातून सुरुवात करा हा त्याचा गाभा पटतो.

आता क्रिएटिन. २०२३ मध्ये न्यूट्रिएंट्स या नियतकालिकात दहा चाचण्यांचं विश्लेषण आलं. त्याचं महत्त्व असं की त्यात अल्ट्रासाउंड, एमआरआय, सीटी अशा थेट स्नायू दाखवणाऱ्या तंत्रांनी मोजलेलेच निकाल घेतले. परिणामाचा आकार, म्हणजे माणसामाणसांतल्या नेहमीच्या फरकाच्या (प्रमाण विचलनाच्या) तुलनेत गटांतला फरक किती, तो ०.११, अंतर उणे ०.०२ ते ०.२५. शून्य आत आलं. जाडीत सांगायचं तर १.० ते १.६ मिलिमीटरचा फरक. मांडीच्या बाहेरच्या बाजूचा स्नायू वीस-पंचवीस मिलिमीटर जाड असतो आणि अल्ट्रासाउंडचा प्रोब जरा दाबून धरला तरी वाचन मिलिमीटरभर हलतं. कडक परीक्षक इथे 'लक्षणीय नाही' असा शेरा मारून मोकळा होईल.

तरी आम्ही क्रिएटिनला वरचा नंबर देतो. उणे ०.०२ ते ०.२५ हे अंतर 'काहीच होत नाही' असं म्हणत नाही. ते म्हणतं, तोटा झाला तर नगण्य, फायदा झाला तर छोटा पण खरा. जवळपास सगळं अंतर शून्याच्या उजवीकडे पडलंय. ताकदीवरचा परिणाम मात्र ठसठशीत आहे: २००३ च्या एका आढाव्यात व्यायामासोबत क्रिएटिन घेणाऱ्यांची ताकद सरासरी २० टक्क्यांनी वाढली, प्लेसिबो (नुसती दिखाऊ पावडर) घेणाऱ्यांची १२ टक्क्यांनी. आणि खर्च? रोज ३ ग्रॅम, ९१ दिवस, २७३ ग्रॅम. साध्या मोनोहायड्रेटचा अडीचशे ग्रॅमचा डबा हजाराच्या आत येतो. छोट्या फायद्याला छोटी किंमत, हा सौदा चालतो. ०.११ चा परिणाम सात हजारांना विकत असते तर उत्तर वेगळं आलं असतं.

क्रिएटिनवाले मात्र एक वजनाचा खेळ करतात, तो ओळखता आला पाहिजे. 'पहिल्या आठवड्यात किलोभर मसल!' क्रिएटिन स्नायूत साठताना पाणी सोबत ओढतं आणि डेक्सा स्कॅनला (क्ष-किरणांनी चरबी आणि लीन मास मोजणाऱ्या तपासणीला) पाणी आणि स्नायू यांतला फरक कळत नाही, दोन्ही लीन मासमध्येच धरले जातात. २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठाच्या गटाने हे नीट सुटं करून दाखवलं. व्यायाम सुरू व्हायच्या आधी आठवडाभर रोज ५ ग्रॅम क्रिएटिन दिलं. तेवढ्यातच लीन मास दुसऱ्या गटापेक्षा ०.५१ किलोने जास्त वाढलं, फरक लक्षणीय. मग बारा आठवडे दोन्ही गटांनी सारखाच व्यायाम केला. दोन्ही गटांत साधारण दोन किलोंची वाढ, फरक नाही. आधीच्या अभ्यासांत डोस आणि व्यायाम एकाच दिवशी सुरू व्हायचे, त्यामुळे हे अर्ध्या किलोचं पाणी सरळ स्नायूच्या खात्यात जमा व्हायचं. पी-मूल्य अगदी चोख, मोजलेली वस्तूच भलती.

घ्यायची पद्धत: रोज ३ ते ५ ग्रॅम, कुठल्याही वेळी, पाण्यात किंवा ताकात. रोज २० ग्रॅमचं पाच-सात दिवसांचं 'लोडिंग' केलं तर साठा आठवड्यात भरतो, ३ ग्रॅमने सुमारे चार आठवड्यांत. शेवटी पातळी तीच, मग घाई करून पोट बिघडवण्यात अर्थ नाही. एचसीएल, बफर्ड वगैरे महागडी रूपं मोनोहायड्रेटपेक्षा सरस ठरलेली नाहीत. त्यांचे पैसे वाचवा.

तिसरा डबा एचएमबी, आणि इथे आकड्यांची खरी मजा आहे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, आधीपासून व्यायाम करणाऱ्या पुरुषांत बारा आठवड्यांत लीन मास ७.४ किलोने वाढल्याचं छापून आलं. प्लेसिबो गटात २.१. दोन वर्षांनी त्याच धर्तीच्या अभ्यासात एचएमबीसोबत एटीपी (पेशींना ऊर्जा पुरवणारं रसायन) दिलं आणि आकडा ८.५ वर गेला. पी-मूल्यं बघितली तर डोळे दिपतात. पण शेजारी हे ठेवून बघा: १९९६ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमधल्या प्रसिद्ध प्रयोगात आठवड्याला ६०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन आणि जोडीला व्यायाम, दहा आठवड्यांत, ६.१ किलो. दुकानात विनाचिठ्ठी मिळणारी पावडर तगड्या डोसच्या स्टेरॉइडच्या पुढे जात असेल तर आधी आकड्यावर शंका घ्यायची. इतर संशोधकांनी २०१७ मध्ये संपादकांना पत्र लिहून ती जाहीरपणे घेतलीही. २०१९ च्या स्वतंत्र अभ्यासात एचएमबी घेणारे आणि ल्युसिन घेणारे यांच्यात काहीच फरक निघाला नाही.

इतके मोठे आकडे येतात कुठून, याचं एक उत्तर निव्वळ गणिताचं आहे. स्नायूवाढीच्या अभ्यासांत एका गटात बहुतेक वेळा दहा-पंधरा माणसं असतात. दर गटात १० जण धरले तर पी-मूल्य ०.०५ च्या खाली यायला दोन गटांतला फरक प्रमाण विचलनाच्या निदान ०.९४ पट दिसावा लागतो. समजा जाडीतल्या वाढीचं माणसामाणसांतलं प्रमाण विचलन १.५ मिलिमीटर आहे. मग १.४ मिलिमीटरच्या खालचा कुठलाही फरक 'लक्षणीय' होऊच शकत नाही. खरा फरक अर्ध्या मिलिमीटरचा असला तरी ज्या अभ्यासाला नशिबाने १.४ दिसले तोच गाजतो, बाकीचे फायलीत राहतात. उलट ०.२ सारखा छोटा परिणाम ८० टक्के खात्रीने पकडायचा तर दर गटात ३९४ माणसं लागतात. बारा आठवडे, आठवड्यातून तीनदा, देखरेखीखाली. सप्लिमेंटच्या चाचणीला एवढी माणसं सहसा कोणी जमवत नाही. म्हणून छोट्या अभ्यासातलं 'लक्षणीय' जरा हातचं राखून घ्यायचं, आणि छोट्या अभ्यासातलं 'लक्षणीय नाही' याचा अर्थ 'परिणाम नाही' असा करायचा नाही.

एक हातचलाखी तर सर्रास चालते. समजा, कल्पना म्हणून, पावडर घेणाऱ्यांचा स्नायू १.२ मिलिमीटरने वाढला, पी-मूल्य ०.०३. न घेणाऱ्यांचा ०.९ ने, पी-मूल्य ०.०८. जाहिरात म्हणते, 'पावडरवाल्यांत लक्षणीय वाढ, दुसऱ्या गटात नाही.' दोन्ही वाक्यं खरी आहेत, पण दोन गटांतला फरक ०.३ मिलिमीटरचा आहे आणि त्याचं पी-मूल्य कोणी काढलेलंच नाही. सारांशात 'गटांमधील फरक' शोधा. तो नसेल तर पुढे वाचायचे कष्ट घेऊ नका.

बीसीएएबद्दल थोडक्यात. २०१७ च्या एका अभ्यासात व्यायामानंतर ५.६ ग्रॅम बीसीएए दिल्यावर चार तासांत स्नायूतली प्रथिननिर्मिती प्लेसिबोपेक्षा २२ टक्क्यांनी जास्त दिसली. लक्षणीय, मान्य. पण प्लेसिबोत प्रथिनं शून्य होती, म्हणजे तुलना उपाशी माणसाशी. आणि चार तासांतली प्रथिननिर्मिती म्हणजे स्नायूवाढ नव्हे: २०१४ मध्ये २३ तरुणांवर सोळा आठवडे केलेल्या अभ्यासात पहिल्या व्यायामानंतरची प्रथिननिर्मिती आणि शेवटी झालेली वाढ यांचा संबंधच लागला नाही. व्हेच्या एका स्कूपमध्ये पाच-साडेपाच ग्रॅम बीसीएए असतंच. वेगळा डबा म्हणजे रंगीत, आंबटगोड पाणी.

आता जिममधल्या त्या यंत्राबद्दल, ज्यावर अनवाणी उभं राहून दोन दांडे हातात धरले की छापील कागद येतो: 'स्केलेटल मसल +०.४ किलो'. हे यंत्र स्नायू मोजत नाही. शरीरातून वीज जाताना होणारा अडथळा मोजतं आणि सूत्राने बाकीचं ठरवतं. अडथळा पाण्यावर अवलंबून असतो. आदल्या रात्री भरपूर भात खाल्ला, सकाळी व्यायाम करून आलात, क्रिएटिन नुकतं सुरू केलंय, तर कागद वेगळा येईल. स्वतःची चूक आधी मोजा: लागोपाठ दोन दिवस, सकाळी, उपाशीपोटी, लघवीला जाऊन आल्यावर, आदल्या दिवशी व्यायाम न करता वाचन घ्या. दोहोंत ०.६ किलोचा फरक आला तर तेरा आठवड्यांनंतरची ०.३ किलोची वाढ या यंत्राला दिसणार नाही, मग ती खरी असली तरी. फुकट असेल तर उभे राहा, पाचशे रुपये देऊन नको. दंडाला आणि मांडीला ठरलेल्या जागी टेप, आणि वहीत लिहिलेली वजनं आणि रेप्स, यांतून बहुतेकांना जास्त कळतं.

कागदावरची वाढ खरी निघाली तरी तिचं श्रेय डब्याला देता येत नाही. ५८५ स्त्री-पुरुषांनी बारा आठवडे एकाच हाताचा सारखाच व्यायाम केला, तो अभ्यास २००५ चा. सरासरी वाढ १८.९ टक्के होती, पण कोणाचा स्नायू २ टक्क्यांनी कमी झाला आणि कोणाचा ५९ टक्क्यांनी वाढला. शेजारच्या पोऱ्याचे दंड फुगले ते त्याच्या शेकरमुळे की त्याच्या आईबापांकडून आलेल्या अंगामुळे, हे त्याच्याकडे बघून ठरत नाही.

खरेदीला जाणारच असाल तर लेबल वाचा. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत भारतात विकली जाणारी ३६ प्रोटीन उत्पादनं घेतली होती. सुमारे ७० टक्क्यांत प्रथिनांची माहिती चुकीची होती आणि १४ टक्क्यांत बुरशीपासून येणारं अफ्लाटॉक्सिन सापडलं. मुळातला फायदा ३०० ग्रॅमचा, त्यात डब्यात प्रथिनं निम्मीच असतील तर उरलं काय? अमिनो आम्लांचा तक्ता बघा: २४-२५ ग्रॅम प्रथिनांमागे ल्युसिन अडीच ग्रॅमच्या आसपास हवं. दोनच्या खाली असेल, किंवा घटकांच्या यादीत ग्लायसिन, टॉरिन वेगळे घातलेले असतील, तर डबा खाली ठेवा. प्रथिनांची चाचणी नायट्रोजन मोजून होते आणि ही स्वस्त अमिनो आम्लं त्यात प्रथिनं म्हणून खपून जातात. तक्ताच छापलेला नसेल तर दादाला विचारायचीही गरज नाही. 'प्रोप्रायटरी ब्लेंड' लिहून प्रत्येक घटकाचं प्रमाण लपवलेलं असेल तर तेच उत्तर.

क्रिएटिनच्या डब्यावर घटक एकच असावा, क्रिएटिन मोनोहायड्रेट, चव-रंगाशिवाय. आणि रक्ततपासणी करायची असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा की क्रिएटिन चालू आहे. त्याने रक्तातलं क्रिएटिनिन (क्रिएटिनपासून बनणारा टाकाऊ पदार्थ) थोडं वर जातं आणि रिपोर्टवर मूत्रपिंडाच्या रकान्यात लाल खूण दिसू शकते. मूत्रपिंडाचा आजार आधीपासून असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय डबा फोडू नका.